फ्रंट लोडर आणि ट्रॅक्टरची हायड्रॉलिक यंत्रणा

ट्रॅक्टर हे मूलतः ओढण्याचे यंत्र आहे. नांगर, वखर, पेरणीयंत्र, ट्रेलर ही सारी त्याच्या मागील बाजूस जोडली जातात आणि त्याची घडणही याच कामाला अनुसरून झालेली असते. फ्रंट लोडर हा या रचनेत मागाहून आलेला पाहुणा होय. शेणखत भरणे, माती व मुरूम हलवणे, वीटभट्टीवर कोळसा उचलणे, वाळूचा ढीग ट्रेलरमध्ये चढवणे अशा कामांसाठी ट्रॅक्टरच्या पुढे दोन पोलादी बाहू आणि त्यांच्या टोकाशी एक बकेट बसवतात. नांगरणी-पेरणी संपल्यावर उभा राहणारा ट्रॅक्टर त्यामुळे इतर दिवसांतही कामास येतो. परंतु हे बाहू उचलण्याचे बळ लोडरचे स्वतःचे नसते. ते ट्रॅक्टरच्या तेलाकडून घ्यावे लागते.

लोडरचा सांगाडा ट्रॅक्टरला बोल्टांनी आवळून बसवणे हे कोणत्याही जाणत्या मिस्त्रीला जमणारे काम आहे. सांगाडा वाकडा बसला तर तो डोळ्यांना दिसतो. तेलाच्या जोडणीचे तसे नसते. चुकीच्या रीतीने जोडलेला लोडरही पहिल्या दिवशी बहुधा वर जातो, खाली येतो आणि मालक समाधानाने घरी जातो. दोष उघडकीस येतो तो काही आठवड्यांनी. तेल सतत तापू लागते, झडपेच्या सीलमधून गळती सुरू होते, मागची लिफ्ट नांगर उचलीनाशी होते, किंवा पंपच निकामी होतो. हे सारे टाळायचे असेल तर जोडणीपूर्वी एका प्रश्नाचे उत्तर मिळाले पाहिजे: पंपातून निघालेले तेल प्रत्येक अवस्थेत कोणत्या वाटेने टाकीत परत जाते? या विषयातील बहुतेक सर्व नियम या एका प्रश्नातून निघतात.

बळ कोठून येते

बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हे तत्त्व फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्कल याने सतराव्या शतकात मांडले. त्या तत्त्वावर चालणाऱ्या दाबयंत्राचे पेटंट इंग्लंडमध्ये जोसेफ ब्रामा याने १७९५ साली घेतले. शेतीच्या ट्रॅक्टरवर या तत्त्वाचा प्रभावी उपयोग केला तो उत्तर आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसनने. अवजार तीन बिंदूंवर धरून ते तेलाच्या दाबाने उचलणारी त्याची रचना १९३९ सालच्या फोर्ड-फर्ग्युसन ट्रॅक्टरमधून मोठ्या प्रमाणावर शेतात उतरली. आज प्रत्येक ट्रॅक्टरमागे दिसणारी त्रिबिंदू जोडणी ही तिचीच परंपरा आहे.

लोडरच्या बाबतीत हे तत्त्व आकड्यांत मांडून पाहणे उपयुक्त ठरते. समजा, बाहू उचलणाऱ्या सिलिंडरचा आतील व्यास ६३ मिलिमीटर आहे. त्याच्या दट्ट्याचे क्षेत्रफळ सुमारे ३१ चौरस सेंटिमीटर भरते. तेलाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला १५० किलोग्रॅम असेल, तर एकच सिलिंडर ४,६०० किलोग्रॅमहून अधिक बळाने ढकलू शकतो. हा सिलिंडर बाहूला त्याच्या मुळाजवळ जोडलेला असतो आणि बकेट दूर टोकाशी असते. त्यामुळे तरफेच्या नियमानुसार बकेटजवळ मिळणारे बळ याच्या कितीतरी कमी असते. पण सिलिंडर, नळ्या आणि जोड यांना मात्र तेलाचा पूर्ण दाब सोसावा लागतो.

बळ दाबावर अवलंबून असते, तर वेग तेलाच्या प्रवाहावर. अशा दोन सिलिंडरांचे दांडे ५० सेंटिमीटर बाहेर येण्यास सुमारे ३.१ लिटर तेल लागते. पंप मिनिटाला २० लिटर तेल देत असेल, तर बाहू वर जाण्यास नऊ सेकंदांपेक्षा थोडा अधिक वेळ लागेल. म्हणूनच लोडर हळू चालतो अशी तक्रार असेल तर दाब वाढवून काही साधत नाही. तेथे पंपाचा प्रवाह, नळीची जाडी किंवा इंजिनाची गती तपासावी लागते.

खुला मध्य आणि बंद मध्य

जोडणीचा विचार करताना सर्वप्रथम ट्रॅक्टरची हायड्रॉलिक यंत्रणा कोणत्या प्रकारची आहे हे ओळखले पाहिजे. पहिला प्रकार खुल्या मध्याचा. यात गिअर पंप इंजिनाबरोबर सतत फिरतो आणि सतत तेल देतो. नियंत्रण झडपेचा दांडा मध्यावर असतो तेव्हा तेल झडपेतून सरळ टाकीकडे वाहून जाते. प्रवाह पूर्ण असतो, पण दाब अगदी अल्प. दांडा हलवताच ही वाट बंद होते, तेल सिलिंडरकडे वळते आणि भाराच्या प्रमाणात दाब चढतो. भारतातील अनेक ट्रॅक्टर या प्रकारचे आहेत.

दुसरा प्रकार बंद मध्याचा. यात झडप मध्यावर असताना तेलाची वाट बंद असते. दाब कायम राहतो आणि पंप आपला प्रवाह आपोआप जवळजवळ शून्यावर आणतो. अमेरिकेतील जॉन डिअर कंपनीने १९६० साली आणलेल्या नव्या ट्रॅक्टरांमुळे ही पद्धत प्रसिद्धीस आली.

या दोन प्रकारांची सरमिसळ करता येत नाही. खुल्या मध्याच्या ट्रॅक्टरवर बंद मध्याची झडप बसवली, तर गिअर पंपाच्या तेलाला वाटच उरत नाही आणि ते सतत दाबमर्यादक झडपेतून, म्हणजे रिलीफ व्हॉल्व्हमधून, सुटू लागते. उलट, बंद मध्याच्या ट्रॅक्टरवर खुल्या मध्याची झडप बसवली, तर एरवी विश्रांती घेणारा पंप अखंड पूर्ण प्रवाह देत राहतो. दोन्ही ठिकाणी परिणाम उष्णतेच्या रूपाने दिसतो.

तिसरा प्रकार फर्ग्युसनच्या परंपरेतला. त्यात नियंत्रण झडप पंपाच्या तेल आत घेणाऱ्या बाजूस असते. लिफ्टला तेल नको असते तेव्हा पंपाचे आत घेणारे तोंडच बंद होते. पंप फिरत असला तरी तेल वाहत नाही. मॅसी फर्ग्युसन ३५ व १३५ या ट्रॅक्टरांत हीच रचना पुढे चालू राहिली. शिवाय हा पंप मागील शक्तिदांड्यावर बसवलेला असल्याने फर्ग्युसन टीई २० सारख्या जुन्या ट्रॅक्टरवर क्लच दाबताच पंपही थांबतो. पुढे-मागे करताना वारंवार क्लच दाबावा लागणाऱ्या लोडरच्या कामात ही मोठीच अडचण होय.

भारतीय कारखान्यांचे ट्रॅक्टर वेगवेगळ्या कुळांतून आलेले आहेत. आयशरचा ट्रॅक्टर १९५९ साली फरिदाबाद येथे जर्मन सहकार्याने तयार झाला. टाफेचे नाते मॅसी फर्ग्युसनशी जुळले, महिंद्रचे इंटरनॅशनल हार्वेस्टरशी, तर १९७१ पासून एचएमटीने झेकोस्लोव्हाकियाच्या झेटॉरचा आराखडा वापरला. १९७४ साली बाजारात आलेल्या स्वराजचा आराखडा दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिक अभियांत्रिकी संशोधन संस्थेत, म्हणजे देशातच तयार झाला. या वंशभेदामुळे तेलाच्या वाटाही वेगळ्या झाल्या. शेजारच्या ट्रॅक्टरवर यशस्वी ठरलेली जोडणी आपल्या ट्रॅक्टरवर तशीच उतरवता येईल असे गृहीत धरणे म्हणूनच धोक्याचे असते. निर्मात्याच्या पुस्तिकेतील तेलप्रवाहाची आकृती पाहणे हे या कामाचे पहिले पाऊल आहे.

तीन नळ्यांची जोडणी

खुल्या मध्याच्या ट्रॅक्टरवर लोडरची झडप पंप आणि मागची लिफ्ट यांच्या दरम्यान बसवतात. पंपाकडून आलेले तेल प्रथम लोडरच्या झडपेत शिरते आणि तेथे काम नसेल तर पुढे लिफ्टकडे जाते. यासाठी लोडरच्या झडपेला सिलिंडरांकडे जाणाऱ्या नळ्यांखेरीज तीन तोंडे असावी लागतात. पहिले पंपाकडून तेल घेण्याचे. दुसरे दाबासह तेल पुढे लिफ्टकडे धाडण्याचे, ज्याला बाजारात पॉवर बियॉन्ड म्हणतात. तिसरे टाकीकडे परतीचे.

दुसऱ्या आणि तिसऱ्या तोंडांतील फरक नीट समजून घेतला पाहिजे. पुढे जाणाऱ्या वाटेवर लिफ्टचा भार असतो, म्हणून तेथे कोणत्याही क्षणी पूर्ण दाब चढू शकतो. परतीची वाट मात्र बिनदाबाची असते. सिलिंडरच्या दुसऱ्या बाजूने निघालेले तेल आणि मर्यादक झडपेतून सुटलेले तेल हे दोन्ही तिच्यातून टाकीत जाते. झडपेच्या आतील हा कप्पा आणि त्याची सील अल्प दाबासाठीच बनवलेली असतात.

नळी आणि जोड यांचा खर्च वाचवण्यासाठी काही वेळा दोनच नळ्यांत काम उरकले जाते. पंपाचे तेल झडपेत येते आणि टाकीच्या तोंडातून निघणारी नळीच लिफ्टकडे नेली जाते. रिकाम्या लिफ्टवर हे चालून जाते. मागे जड नांगर लावून लिफ्ट उचलली की तिचा दाब उलट झडपेच्या बिनदाबाच्या कप्प्यात शिरतो. स्पूलच्या टोकांची सील बाहेर फेकली जातात आणि प्रसंगी झडपेचे ओतीव कवच तडकते. दुसरा धोका याहून छुपा आहे. लोडरची मर्यादक झडप १५० किलोग्रॅम दाबाला उघडणारी असली तरी तिच्यातून सुटलेल्या तेलापुढे लिफ्टचा १०० किलोग्रॅम दाब उभा असेल, तर पंपावर दोहोंची बेरीज येते. पंपाजवळ वेगळी मर्यादक झडप नसेल तर त्याला २५० किलोग्रॅम दाब सोसावा लागतो. अशा वेळी पंप फुटण्याचा वा त्याचा दांडा तुटण्याचा संभव असतो.

परतीची नळी म्हणूनच लिफ्टकडे नव्हे, तर सरळ तेलाच्या टाकीत न्यावी. अनेक ट्रॅक्टरांत ही टाकी म्हणजे गिअरबॉक्स वा मागील आसाचे कवचच असते. नळी पुरेशी रुंद असावी, तिचे तोंड तेलाच्या पातळीखाली उघडावे, म्हणजे फेस होत नाही. तिच्यावर कोठेही नळ, तोटी किंवा हाताने सुटणारा जोड ठेवू नये. वाट बंद करण्याची सोय ठेवली की ती कधीतरी बंद राहतेच.

लोडरची झडप ट्रॅक्टरच्या मूळ मर्यादक झडपेच्या आधी बसते की नंतर, हेही पाहिले पाहिजे. ती आधी बसत असेल, तर लोडरच्या झडपेत स्वतःची मर्यादक झडप असणे अनिवार्य आहे. एरवी बाहू शेवटच्या टोकाला पोहोचताच पंपाचे तेल कोंडले जाईल. अधिक भार उचलावा म्हणून या झडपेच्या स्प्रिंगखाली वॉशर घालण्याची प्रथा काही ठिकाणी आढळते. त्यामुळे मर्यादा किती वाढली हे दाबमापकाशिवाय कोणालाच कळत नाही. पंप आणि नळ्या जेवढा दाब सोसू शकतात त्याच्या खालीच ही मर्यादा ठेवली पाहिजे.

बाहू टोकाला पोहोचल्यावरही दांडा धरून ठेवला तर काय होते, हेही ध्यानात घ्यावे. मिनिटाला २० लिटर तेल १५० किलोग्रॅम दाबाने मर्यादक झडपेतून सुटते, तेव्हा सुमारे पाच किलोवॅट शक्ती निव्वळ उष्णतेत जाते. यंत्रणेत २० लिटर तेल असेल, तर या हिशेबाने ते दर मिनिटाला सुमारे नऊ अंश सेल्सियसने तापते. तापलेले तेल पातळ होते, गळती वाढते व सील कडक होऊन फुटतात.

मागील तोंडे आणि स्वतंत्र पंप

ट्रेलर उलटा करण्यासाठी ट्रॅक्टरच्या मागे तेलाचे तोंड असते. लोडरसाठी ते पुरेल असे अनेकांना वाटते. परंतु ट्रेलर स्वतःच्या वजनाने खाली येतो, म्हणून त्याला तेलाची एकच वाट पुरते. लोडरची बकेट मात्र दोन्ही दिशांना दाबाने फिरवावी लागते. त्यासाठी जाण्याची व येण्याची अशी दोन तोंडे हवीत. अशी दोन तोंडे असलेल्या ट्रॅक्टरवर त्यांचा दांडा कायम एका बाजूस अडकवून लोडरच्या झडपेला तेल देता येते. पण बहुतेक रचनांत तेवढा काळ मागच्या लिफ्टला तेल मिळत नाही. शिवाय क्विक कपलरचा परतीचा जोड अर्धवट बसला तर तेल कोंडते.

फर्ग्युसन परंपरेच्या ट्रॅक्टरवर, किंवा मूळ पंपाचा प्रवाह फार अल्प असल्यास, इंजिनाच्या पुढील टोकावरून फिरणारा स्वतंत्र पंप आणि स्वतंत्र टाकी बसवणे हा निर्वेध मार्ग आहे. खर्च वाढतो, परंतु लोडरचे तेल आणि लिफ्टचे तेल परस्परांत मिसळत नाही व क्लच दाबला तरी लोडर चालू राहतो. लोडरकडून धूळ वा धातूचा कण आलाच तर तो गिअरबॉक्सपर्यंत जात नाही, हाही मोठा लाभ होय.

नळ्या, आटे आणि तेलाची पातळी

दाबाच्या नळ्या आत पोलादी तारेचे वेष्टन असलेल्या रबरी होज पाइपच्याच असाव्यात. पाण्याचे लोखंडी पाइप व त्यांचे जोड या दाबासाठी बनवलेले नसतात. बाहू पूर्ण वर व पूर्ण खाली असताना नळी ताणली जात नाही, पिळली जात नाही आणि चाकाला घासत नाही, हे हाताने फिरवून पाहावे.

आट्यांच्या बाबतीत एक सापळा आहे. ब्रिटिश आणि अमेरिकन मापांच्या अर्ध्या इंची पाइपजोडांत दर इंचाला १४ आटेच असतात. त्यामुळे एक दुसऱ्यात काही फेरे सहज शिरतो. परंतु ब्रिटिश आट्याचा कोन ५५ अंशांचा, तर अमेरिकन आट्याचा ६० अंशांचा असतो. असा जोड आवळला की बसल्यासारखा वाटतो आणि दाबाखाली गळतो. नळकामातील धागा व सफेदा लावून ही गळती थांबवू नये. त्याचे तुकडे तेलात जाऊन झडपेचे स्पूल अडकते. नवीन नळी कापल्यावर तिच्यात रबराचा भुगा व तारेचे कण राहतात. ते हवेच्या झोताने काढल्याशिवाय नळी जोडू नये.

जोडणीनंतर नळ्या व सिलिंडर भरण्यासाठी तेल लागते, म्हणून टाकीतील पातळी उतरते. शिवाय सिलिंडरचे दांडे बाहेर येतात तेव्हा जेवढे तेल आत जाते, त्याहून कमी तेल दुसऱ्या बाजूने परत येते, कारण त्या बाजूची काही जागा दांड्याने व्यापलेली असते. वर सांगितलेल्या सिलिंडरांचे दांडे ३५ मिलिमीटर जाडीचे असतील, तर बाहू वर असताना टाकीत जवळजवळ एक लिटर तेल कमी असते. पातळी म्हणूनच बाहू खाली ठेवून पाहावी, आणि बाहू वर असतानाही पंपाचे आत घेणारे तोंड तेलात बुडालेले राहील एवढे तेल असावे. पंपात हवा शिरली तर तेल फेसाळते आणि पंप खरखर आवाज करू लागतो.

पहिली चाचणी आणि सुरक्षितता

पहिली चाचणी रिकाम्या बकेटने, इंजिनाच्या मंद गतीवर घ्यावी. दांडा पुढे-मागे थोडा थोडा हलवून हवा बाहेर जाऊ द्यावी. दांडा ओढला असता बाहू वर जाण्याऐवजी खाली येत असतील, तर नळ्यांची अदलाबदल झालेली आहे. सवय होईल म्हणून ती तशीच ठेवू नये. घाईच्या क्षणी, किंवा दुसरा चालक बसल्यावर, हीच चूक कोणाच्या तरी जिवावर बेतते.

गळती शोधताना नळीवरून हात फिरवणे हा अत्यंत घातक प्रकार आहे. बारीक छिद्रातून सुटणारी तेलाची धार डोळ्यांना दिसत नाही, पण ती त्वचा भेदून आत शिरते. जखम सुई टोचल्याएवढी दिसते आणि सुरुवातीला फारशी दुखतही नाही. आत गेलेले तेल मात्र मांस सडवते, आणि उपचाराला उशीर झाल्यास बोट वा हात कापावा लागू शकतो. गळती पुठ्ठ्याचा तुकडा पुढे धरून पाहावी. अशी इजा झाल्यास ती किरकोळ न मानता ताबडतोब शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जावे आणि तेल दाबाने आत गेले आहे हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.

कोणताही जोड सोडवण्यापूर्वी बकेट जमिनीवर टेकवावी, इंजिन बंद करावे आणि दांडे दोन्ही बाजूंना हलवून उरलेला दाब जाऊ द्यावा. उचललेल्या बाहूंखाली कोणीही उभे राहू नये. नळी फुटली तर ते क्षणात खाली येतात. भार पुढे आल्याने मागची चाके हलकी होतात. म्हणून मागे वजन लावणे किंवा मागील टायरांत पाणी भरणे आवश्यक ठरते. भरलेली बकेट उंच धरून चालणे, विशेषतः उतारावर, ट्रॅक्टर कलंडण्यास आमंत्रण देते. चालताना बकेट जमिनीलगत ठेवावी.

जोडणी पूर्ण झाल्यावर कागदावर तेलाच्या वाटा काढून पाहणे हितावह असते. दोन्ही दांडे मध्यावर, लोडर चालू, लिफ्ट चालू, दोन्ही एकदम चालू, आणि बाहू शेवटच्या टोकाला अडलेले, अशा पाचही अवस्थांत पंपापासून टाकीपर्यंत बोट कोठेही न अडता फिरले पाहिजे. जेथे बोट अडेल तेथेच पुढे नळी फुटते किंवा पंप बिघडतो. या तपासणीला अर्धा तास लागतो, आणि कर्ज काढून घेतलेला ट्रॅक्टर हंगामाच्या ऐन दिवसांत दुरुस्तीसाठी उभा ठेवावा लागत नाही.